वाढत्या अंगाची सायकल

नाशिकजवळच्या ओझरचा एचएएलचा विमान कारखाना १९६४ साली उभा राहिला आणि मिग-२१पासून सुखोईपर्यंतची लढाऊ विमानं इथे तयार झाली. या विमानांतली वैमानिकाची सीट त्याच्या उंचीप्रमाणे वरखाली करता येते. अशी सोय का लागते, हे एका जुन्या मोजणीतून दिसतं. १९५० साली अमेरिकी हवाई दलानं चार हजारांवर वैमानिकांच्या अंगाची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकानं त्यांतली दहा मापं सरासरीशी ताडून पाहिली, तेव्हा दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. सरासरी माणसासाठी बांधलेलं कॉकपिट कुणालाच नीट बसत नाही, हे त्यातून कळलं. तेव्हापासून माणसाप्रमाणे सीट हलवण्यावर भर आला.

याच ओझरमध्ये शाळा सुटायच्या वेळी रस्त्याच्या कडेला उभं राहून नुसते गुडघे बघा. कुणाचे गुडघे पायडल मारताना पोटाशी येतात, कुणी सीटवर डावी-उजवीकडे घसरत पायडल गाठतं. सायकलच्या सीटलाही नट असतो. पण दुकानातून सायकल घरी आली की त्या नटाला कुणी पाना लावत नाही.

आपल्याकडे न बसणारी सायकल चालवायची परंपराच आहे. बावीस किंवा चोवीस इंची फ्रेमची काळी सायकल घरात एकच, ती वडिलांची. तिची मधली दांडी जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या वर. दहा वर्षांच्या पोरानं तिच्यावर टांग टाकायची कशी? मग दांडीखालून पाय घालायचा, कंबर एका बाजूला काढायची, अर्धं पायडल मारायचं आणि मागे घ्यायचं. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या अशाच हाफ पायडलवर सायकल शिकल्या. त्या जिद्दीचं मला कौतुक आहे, पण अंगानं सायकलीशी जुळवून घ्यायचं असतं ही समजूतही तिथेच पक्की झाली. आज पोरासाठी नवी सायकल घेतानाही आपण गणवेशासारखी वाढत्या अंगाची घेतो. गणवेशाला आतून टीप मारता येते, फ्रेमला येत नाही.

ओझर ते नाशिक साधारण वीस किलोमीटर. बेताच्या वेगानं सव्वा तास धरा. मिनिटाला साठ पायडल म्हटलं, तर एकेक गुडघा साडेचार हजार वेळा वाकतो. सीट दोन बोटं खाली असेल, तर तो प्रत्येक वेळी गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. सीट फार वर असेल, तर गुडघ्यामागची शीर ओढल्यासारखी होते आणि कंबर झुलते. हाताची बोटं बधिर होत असतील, तर अंगाचा भार हँडलवर पडतोय. सीटचं नाक खाली झुकलंय का, हँडल लांब पडतंय का, ते आधी बघावं. दुखणं कुठं आहे यावरून चूक कुठं आहे याचा बराच अंदाज येतो. म्हणून गोळी घेण्याआधी पाना घ्यावा.

उंचीचा सोपा अंदाज टाचेनं येतो. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा नेमका सरळ व्हायला हवा. मग चालवताना पायाचा चवडा पायडलवर आला की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप राहतो. शर्यतवाले याहून काटेकोर असतात. भिंतीला पाठ लावून, दोन्ही पायांमध्ये वही धरून जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्यायचं आणि त्याला ०.८८३नं गुणायचं. ७६ सेंटिमीटरचे ६७ होतात. पायडलचा क्रँक ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर ठेवायचं. हे आकडे सुरुवातीपुरते, शेवटचा शब्द गुडघ्याचा. बदल एकदम करू नये. अर्ध्या सेंटिमीटरनं उंची बदलावी आणि चार दिवस चालवून बघावं.

जुन्या सायकलीवर मात्र हे एवढं सोपं जात नाही. सीटची दांडी पावसापाण्यानं नळीतच गंजून बसलेली असते. मिस्त्री नट सैल करतो, सांध्यात तेल सोडतो, थोडा वेळ थांबतो, मग सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे पिळतो. करकर आवाज करत दांडी बोटभर वर येते आणि इतकी वर्षं आत दडलेला चकचकीत भाग दिसतो. बऱ्याच दांड्यांवर एक आडवी खूण असते. ती नळीच्या बाहेर दिसली तर तिथेच थांबायचं, कारण त्यापुढे दांडी वाकू किंवा मोडू शकते. उंची तरीही पुरत नसेल, तर ती फ्रेम तुमची नाही.

फ्रेमचा हाच निकाल दुसऱ्या टोकालाही लागू आहे. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिल्यावर मधली दांडी आणि जांघ यांत दोन-तीन बोटं जागा नसेल, तर पान्यानं काही होणार नाही. सीट थोडी पुढेमागे सरकते, हँडल थोडं वर येतं, पण नळ्यांची लांबी बदलत नाही. अशी सायकल विकून, किंवा घरातल्या उंच माणसाला देऊन, दुसरी घ्यावी. अनेक दुकानांत उंची विचारून मीडियम किंवा लार्ज सांगतात. पण उंची सारखी असलेल्या दोघांतही एकाचे पाय लांब, तर दुसऱ्याचं धड लांब असू शकतं. बसून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नाशिकच्या महाजन बंधूंनी, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, २०१५ साली दोघांच्या संघात रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटरचं हे अंतर न बसणाऱ्या सायकलीवर कुणी कापायला जाणार नाही. मला काळजी आहे ती रोज चार-पाच किलोमीटर जाणाऱ्या मुलींची. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाण्यासारख्या तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. २०२२मध्ये ती रक्कम पाच हजार रुपये झाली. आठवीत मिळालेली सायकल बारावीपर्यंत पुरवायची, आणि मुलगी तर वाढतच असते. शाळेनं जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एकेक तास काढावा, एक पाना आणि तेलाची बाटली ठेवावी, आणि प्रत्येकीला सीटवर बसवून पायडलवर टाच टेकवून बघावी.