लाल वाळूत अब्बांसोबत

अब्बांनी दुबईत १९ वर्षे पाण्याचा टँकर चालवला. सुट्टीवर येताना ते अत्तर आणत, ब्लँकेट आणत, पण वाळवंटाबद्दल कधी अवाक्षर काढत नसत. यंदा जानेवारीत आम्ही शारजाला भाईजानकडे गेलो. माझ्या १५ वर्षांच्या मुलाने बग्गीचा हट्ट धरला, तेव्हा अब्बा म्हणाले, "मीपण येतो. बसणार नाही, नुसता बघेन."

दुबईहून हट्ट्याच्या रस्त्याला लागले की लहबाबचे वाळवंट येते. इथली वाळू लाल आहे. लोखंडाच्या ऑक्साइडचा हा रंग, आपल्या कोकणातल्या जांभ्यालाही तोच रंग देतो. अब्बा खाली उतरले, मूठभर वाळू हातात घेतली आणि म्हणाले, "गावची माती चाळून ठेवल्यासारखी."

आमचा गाईड पेशावरकडचा पठाण. डांबरी रस्ता संपताच त्याने जीप थांबवली आणि चारही टायरमधली हवा निम्म्याहून कमी केली. मुलाला वाटले, पंक्चर झाले! हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागले जाते आणि चाक वाळूत रुतत नाही. हे गाईडने सांगायच्या आधी अब्बांनीच सांगितले. पठाण हसला. "चाचा, आप तो पुराने उस्ताद निकले."

बग्गी म्हणजे लोखंडी नळ्यांचा पिंजरा, त्यात सुमारे हजार सीसीचे इंजिन. क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही. हेल्मेट, गॉगल आणि खांद्यावरून येणारा पट्टा सक्तीचा. बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते: ओढणी किंवा अबायाचा घोळ मोकळा ठेवू नका, चाकात अडकू शकतो. मी स्कार्फ घट्ट पिन करून वर हेल्मेट चढवले, ओढणी जीपमध्येच ठेवली. कंबरेचा किंवा मानेचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी यात बसूच नये. हादरे साधे नसतात.

पुढे गाईड, मागे आम्ही, त्याच्याच चाकोरीतून. टेकडीच्या माथ्याशी तो दर वेळी वेग कमी करी. वारा ज्या बाजूने वाहतो तिकडचा उतार लांब आणि घट्ट असतो, पलीकडचा एकदम तुटलेला आणि भुसभुशीत. माथ्यापलीकडे काय आहे, ते माथ्यावर पोचेपर्यंत दिसत नाही.

तिसऱ्या टेकडीवर माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून ढिला पडला आणि बग्गी अर्ध्या चढावर थांबली. मागे तीव्र उतार. हात आपोआप स्टिअरिंग फिरवायला निघाले. चूक इथेच होते. उतारावर आडवी झालेली गाडी कोलांटते. आदल्या रात्री जेवताना अब्बांनी बजावले होते, "चढ जमला नाही तर वळू नकोस, सरळ मागे ये." मुलगा शेजारी गप्प. मी रिव्हर्स टाकला, चाके सरळ धरली आणि हळूहळू खाली आले. दुसऱ्या वेळी चढले.

परत आले तर अब्बा एका गाफच्या झाडाखाली बसले होते. अमिरातीचे हे राष्ट्रीय झाड म्हणजे आपली शमीच. मुळे खोल पाण्यापर्यंत जातात, म्हणून असल्या जागीही हिरवे राहते. मी चढावरचा प्रकार सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एकदा माझाही टँकर असाच आडवा झाला होता. मी उडी मारली म्हणून वाचलो. तुझ्या अम्मीला कधी सांगितलं नाही."

अम्मीला जाऊन सहा वर्षे झाली. मला काय बोलावे सुचेना.

रस्त्याशी आल्यावर गाईडने कॉम्प्रेसर काढला. कमी हवेच्या टायरवर डांबरी रस्त्याने वेगात जाणे धोक्याचे असते. अब्बांनी त्याच्या हातातले मीटर घेतले आणि चारही चाकांशी स्वतः वाकून हवा भरून घेतली. पठाण नको नको म्हणत होता. मुलगा बाजूला उभा राहून आकडे मोठ्याने वाचत होता.