‘टोळी आलीय, सावध राहा!’

गल्लीत चोरी झाली की अख्खी कॉलनी जागी होते. चांगलंच आहे! पण जागं राहणं आणि तुटून पडणं यात अंतर किती? दीपनगरच्या एका रात्रीची ही गोष्ट... आणि राईनपाड्याच्या एका दुपारची.

रात्रीचे पावणेबारा. दिवाळीसाठी पुण्याहून घरी आले होते. भरीत-भाकरीवर आडवा हात मारून जरा पाठ टेकली, तोच आईचा मोबाइल टुंग टुंग वाजायला लागला. कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज होता, ‘दोन जण फिरून राहिले. तोंड बांधलेलं आहे. सगळ्यांनी लाइट लावा!’

पाच मिनिटांत गल्लीत पंधरा-वीस माणसं. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात बॅट. एक काका तर चक्क लाटणं घेऊन आले होते. एरवी मला हसू आलं असतं. त्या रात्री नाही आलं. कारण चारच दिवसांपूर्वी आमच्याच लाइनमधलं एक बंद क्वार्टर फुटलं होतं. घरची मंडळी गावाला गेलेली. परत आली तर कडी तुटलेली, कपाट उघडं आणि काकूंचं मंगळसूत्र गायब. काकू रडत नव्हत्या. नुसत्या त्या कपाटाकडे बघत बसल्या होत्या. भीती खोटी नव्हती हो आमची!

ज्यांना दीपनगर माहीत नाही त्यांच्यासाठी. भुसावळहून वरणगावकडे निघालात की लांबूनच चिमण्या दिसतात ना, तेच आमचं गाव. औष्णिक वीज केंद्राची वसाहत. ५००-५०० मेगावॉटचे दोन संच आणि आता ६६० मेगावॉटचा नवा संच. इथे कोण कुठल्या शिफ्टला आहे, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, सगळं सगळ्यांना ठाऊक. अशा ठिकाणी अनोळखी चेहरा पटकन डोळ्यांत भरतो. आणि कामासाठी बाहेरून आलेली माणसं तर इथे कायमच असतात.

त्या रात्री ‘ते दोघं’ कोपऱ्यावर सापडले. घेराव पडला. ‘कोन भो तुम्ही? इकडे काय करून राहिले?’ एकाच वेळी दहा तोंडांतून प्रश्न. ती पोरं हिंदीत काहीतरी बोलत होती, पण गडबडीत कुणाला काही कळत नव्हतं. मागून एक आवाज आला, ‘आधी दोन लावा, मग बोलतील!’

आणि तेवढ्यात शेजारच्या रिटायर्ड काकांनी काय केलं असेल? ते त्या पोरांच्या आणि आमच्या मधोमध जाऊन उभे राहिले. म्हणाले, ‘कोणी हात लावायचा नाही. मी फोन केलाय ११२ ला. पोलीस येईपर्यंत हे इथेच बसतील आणि आपणही.’ मग वळून काकूंना हाक मारली, ‘अगं, दोन कप चहा टाक!’

पोलीस आले. पोरांनी खिशातून गेटपास काढले. कंत्राटी कामगार निघाले, सेकंड शिफ्ट संपवून खोलीवर चाललेले. धुळीपासून बचाव म्हणून तोंडाला रुमाल बांधलेला. बस्स! लाटणंवाले काका गुपचूप घरी गेले.

तो मेसेज मीही पाठवला होता

सगळे झोपले, मला मात्र झोप लागेना. डोक्यात २०१८ घुमत होतं.

तेव्हा मी मास कॉम करत होते. सकाळी लेक्चरला ‘बातमीची खातरजमा कशी करावी’ हे शिकायचं आणि दुपारी कॅन्टीनमध्ये मोबाइल चाळायचा. जून महिन्यात धुळ्याच्या मामाकडून एक मेसेज आला. मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आलीय, वेष बदलून फिरतेय, हा मेसेज सगळ्यांना पाठवा. सोबत एक व्हिडिओ. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात. मी तो तीन ग्रुपवर टाकला. दहा सेकंद लागले असतील. लेक्चरमधलं काही म्हणजे काही आठवलं नाही.

त्या दिवसांत देशभर फिरणारा तसा एक व्हिडिओ मुळात कराचीतला होता! मुलांच्या सुरक्षेसाठी तिथल्या एका संस्थेने बनवलेली ती जनजागृतीची फिल्म. शेवटी तो माणूस पोराला परत आणून सोडतो आणि हातातला फलक दाखवतो. कुणीतरी नेमका तो शेवट कापला आणि उरलेलं ‘अपहरण’ गावोगाव फिरलं.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. घरदार दूर सोलापूरकडे, मंगळवेढ्याच्या बाजूला. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारा हा भटका समाज. एका लहान मुलीशी बोलताना त्यांना कुणीतरी पाहिलं म्हणे आणि बाजार पेटला. त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे पाचही जणांचा जीव जाईपर्यंत मारलं. मोबाइलवर त्याचंही शूटिंग झालं. सोडवायला गेलेल्या पोलिसांनाही जमावाने सोडलं नाही.

त्याच रात्री मालेगावात असाच जमाव जमला होता. तिथे मात्र पोलिसांनी आणि काही स्थानिकांनी वेळेवर मध्ये पडून पाच जणांना वाचवलं. त्यात एक लहान मूलही होतं. अफवा तीच, दिवस तोच. फरक इतकाच, की तिथे माणसं वेळेत मध्ये पडली.

माझ्या मेसेजमुळे राईनपाड्याला काही झालं, असं मी म्हणत नाही. ते कळायला मार्गच नाही. आणि हेच तर टोचतं. आपण पाठवलेला मेसेज पुढे कुठे जाऊन थांबला, हे आपल्याला कधीच कळत नाही.

संशय नेहमी कुणावर?

एक गंमत... खरं तर गंमत नाहीच. संशय कायम कुणावर जातो बघा. ज्याची भाषा वेगळी, कपडे वेगळे, ज्याला गावात ओळखणारं कुणी नाही. ही सवय जुनी आहे. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण डोक्यातून? पोटासाठी फिरणारा माणूस दिसला की आजही आपण आधी दाराला कडी घालतो.

राईनपाड्यानंतर काही गोष्टी हलल्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपवर ‘फॉरवर्डेड’ची खूण दिसायला लागली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आली. १७ जुलै २०१८ ला सुप्रीम कोर्टाने झुंडबळींविरोधात राज्यांना सूचना दिल्या. प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमा, खटले जलदगती कोर्टात चालवा, पीडितांना भरपाई द्या. आणि १ जुलै २०२४ ला, म्हणजे राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी, भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केला, तर प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी.

पण कायदा बदलला म्हणून राग थोडाच निवतो? जून २०२४ मध्ये आमच्याच जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यात, एका सहा वर्षांच्या चिमुरडीवर अत्याचार करून तिचा खून झाला. संशयित भुसावळमध्ये पकडला गेला. ‘त्याला आमच्या ताब्यात द्या’ म्हणत जमाव जामनेरच्या पोलीस ठाण्यावर गेला, दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले. तिथल्या आईबापांचा संताप मला कळतो. त्या बातमीने माझ्याही हाताच्या मुठी वळल्या होत्या. पण खटला उभा करायचा तो पोलिसांनीच, आणि पुरावे सांभाळायचे तेही त्यांनीच. त्यांच्यावरच दगड मारून त्या पोरीला न्याय कसा मिळणार?

मग करायचं काय?

हात बांधून बसायचं? मुळीच नाही! गावाने गावावर लक्ष ठेवायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. पूर्वी जागल्या असायचा, पोलीस पाटील आजही आहे. पोलीस कायद्यात ग्राम संरक्षक दलाची सोय आहे. रात्रीची गस्त घालायची असेल तर पोलीस ठाण्याला सांगून, नावं देऊन घालता येते. काठी घेऊन अंधारात पळण्यापेक्षा हे कधीही बरं.

आमच्या कॉलनीतही आता तसंच चाललंय. बाहेरगावी जाताना शेजारी सांगून जायचं. ग्रुपवर मेसेज टाकण्याआधी काकांना फोन करायचा. (काकांना हे अॅडमिनपद भयंकर आवडलंय, हे वेगळं सांगायला नको!) काकूंचं मंगळसूत्र अजून मिळालेलं नाही. तक्रार दिलीय, पंचनामा झालाय, आणि काकू दर पंधरा दिवसांनी ठाण्यात फोन लावतात. त्या कंटाळलेल्या नाहीत.

आणि ती दोन पोरं? निघताना आईने त्यांच्या हातात चिवडा-लाडवाची पुडी ठेवली. एकाने ती घेतली, पण आमच्याकडे बघितलं नाही. त्याचा कप धरलेला हात अजून थरथरत होता.

चौकट : गल्लीत चोरी झाली तर...

- आधी ११२ ला फोन, मग ग्रुपवर मेसेज. क्रम उलटा नको.
- फुटलेल्या घरात शिरू नका, कडी-कपाटाला हात लावू नका. ठसे पुसले जातात.
- डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला नागरिकही पकडू शकतो. पण पकडणं म्हणजे मारणं नव्हे. विनाकारण वेळ न घालवता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांकडे द्यावं लागतं.
- संशयिताचा फोटो ग्रुपवर टाकू नका. तो निर्दोष निघाला तर फोटो परत घेता येत नाही.
- ‘सगळ्यांना पाठवा’ असं लिहिलंय? मग तर नक्कीच थांबा!