‘अमर्याद’ या शब्दाची मर्यादा

नोकरीसाठी ऑनलाइन अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आहे. रात्रीचे नऊ वाजले आहेत. दिवसभराचे काम आटोपून एक तरुण घरी येतो, मोबाइलवर अर्ज उघडतो, सर्व माहिती काळजीपूर्वक भरतो आणि शेवटी छायाचित्र व गुणपत्रिका जोडू लागतो. परंतु पडद्यावरचे वर्तुळ नुसते फिरत राहते. रिचार्जची मुदत संपलेली नाही, फोनवर बोलणेही नीट होते आहे. मात्र कागदपत्रे काही पुढे सरकत नाहीत. दुपारी आलेला एक संदेश त्याने न वाचताच पुसून टाकलेला असतो. आजच्या दिवसाचा वेगवान डेटा संपला असून यापुढे कमी वेगाने सेवा मिळेल, एवढेच त्या संदेशात लिहिलेले होते.

असा अनुभव तुम्हांलाही कधी तरी आला असेल. आपण पैसे भरलेले असताना कंपनी वेग का कमी करते? तसे करण्याचा तिला अधिकार आहे का? आणि ज्या योजनेच्या जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ म्हणजे ‘अमर्याद’ असा शब्द असतो, तिच्यात ही मर्यादा कोठून येते? या प्रश्नांची उत्तरे आपण या पाठात शोधणार आहोत.

वेग कमी होतो म्हणजे काय होते?

इंटरनेटवरून येणारी किंवा जाणारी माहिती ‘बिट’ या एककात मोजतात. एका सेकंदात किती बिट पाठवले जातात, त्यावरून सेवेचा वेग ठरतो. आपल्या फोनमधील फाइलचा आकार मात्र ‘बाइट’मध्ये लिहिलेला असतो आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. हा फरक लक्षात ठेवला की हिशेब सोपा होतो.

समजा, तुम्हांला ५ मेगाबाइटची एक फाइल पाठवायची आहे. म्हणजेच ४० मेगाबिट माहिती पाठवायची आहे. सेकंदाला १० मेगाबिट वेग असेल, तर ती चार सेकंदांत जाईल. आपल्याकडील अनेक योजनांमध्ये दिवसाचा ठरलेला डेटा संपल्यावर वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर आणला जातो. हजार किलोबिटांचा एक मेगाबिट होतो. त्यामुळे या वेगाने तीच फाइल पाठवायला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागेल. साधा लिखित संदेश या वेगाने जातो, परंतु छायाचित्र अडखळते, चित्रफीत चालत नाही आणि ऑनलाइन वर्गातील शिक्षकांचा आवाज तुटत येतो. अनेक संकेतस्थळे सुरक्षिततेसाठी ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होतात. त्यामुळे अर्ज अर्धवट राहतो. सेवा चालू असूनही ती निरुपयोगी ठरते, ती अशी.

टॉवर आणि सार्वजनिक नळ

मोबाइलची माहिती रेडिओलहरींवरून प्रवास करते. कोणत्याही कंपनीला सरकारकडून या लहरींचा ठरावीक पट्टाच वापरायला मिळतो. त्यामुळे एका टॉवरवरून एका क्षणी किती माहिती जाऊ शकेल, याला निसर्गतःच मर्यादा असते आणि ती क्षमता त्या टॉवरच्या परिसरातील सर्व ग्राहकांना वाटून घ्यावी लागते. चाळीतील सार्वजनिक नळाचे उदाहरण घेऊ या. एकाच नळवाहिनीवर दहा तोट्या असतील आणि सकाळी सर्व एकदम उघडल्या, तर प्रत्येकीची धार बारीक होते. टॉवरचेही तसेच आहे. संध्याकाळी घरोघरी चित्रफिती सुरू झाल्या, की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग आपोआप घटतो. एखादा ग्राहक सतत मोठ्या फाइली उतरवत राहिला, तर त्याचा त्रास शेजाऱ्यांना होऊ शकतो. कंपन्या वेग कमी करण्यामागचे हेच कारण देतात आणि त्यात तथ्य आहे.

परंतु नळाचे उदाहरण एका ठिकाणी अपुरे पडते. टाकीतील पाणी आज वापरले नाही, तर ते उद्यासाठी शिल्लक राहते. टॉवरची क्षमता अशी साठवून ठेवता येत नाही. रिकामे आसन घेऊन गाडी स्थानकातून सुटली, की ते आसन त्या फेरीपुरते वाया गेले. पुढच्या गाडीत त्यामुळे एक जागा वाढत नाही. त्याचप्रमाणे पहाटे तीन वाजता रिकाम्या असलेल्या टॉवरवरून कोणी चार चित्रपट उतरवले, तरी संध्याकाळच्या ग्राहकांचे त्यामुळे काही कमी होत नाही. उलट, महिनाभर अगदी थोडा डेटा वापरणारा माणूस नेमका गर्दीच्या वेळी चित्रफीत पाहू लागला, तर गर्दीत भर पडते. म्हणजे गर्दीचा प्रश्न वेळेशी आणि ठिकाणाशी निगडित आहे. महिन्याच्या किंवा दिवसाच्या एकूण वापराशी त्याचा संबंध असतो, पण तो थेट नसतो.

यावरून वेग कमी करण्याच्या दोन पद्धती वेगळ्या ओळखता येतात. पहिल्या पद्धतीत टॉवरवर खरोखर गर्दी असेल तेव्हाच अधिक वापर करणाऱ्यांना मागे ठेवले जाते आणि गर्दी ओसरताच त्यांचा वेग पूर्ववत होतो. दुसऱ्या पद्धतीत ठरलेला आकडा ओलांडताच वेग कमी होतो. मग टॉवर गजबजलेला असो वा रिकामा. पहिली पद्धत प्रामुख्याने जाळ्याच्या व्यवस्थापनाची आहे. दुसरी प्रामुख्याने किंमत ठरवण्याची रीत आहे. कमी पैशांत कमी डेटा आणि अधिक पैशांत अधिक डेटा विकणे यात गैर काही नाही. पण हा व्यवहार ग्राहकाला आधी स्पष्टपणे सांगितला पाहिजे.

अमेरिकेतील खटला

हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. तेथील एटी अँड टी या कंपनीने २००७ मध्ये आयफोन बाजारात आल्यानंतर त्याच्या ग्राहकांना अमर्याद डेटाची योजना दिली. स्मार्टफोनमुळे डेटाचा वापर अपेक्षेपेक्षा फार वाढला. २०१० मध्ये कंपनीने नव्या ग्राहकांसाठी ही योजना बंद केली, मात्र जुन्या ग्राहकांना ती ठेवू दिली. त्यानंतर २०११ मध्ये, सर्वाधिक डेटा वापरणाऱ्या पाच टक्के ग्राहकांचा वेग कमी करण्यात येईल, असे कंपनीने जाहीर केले. २०१२ मध्ये तिने ठरावीक मर्यादा घालून दिल्या. ३ जीबी किंवा नव्या तंत्रज्ञानाच्या फोनवर ५ जीबी वापर झाला, की त्या महिन्यापुरता वेग घटू लागला. योजनेचे नाव मात्र ‘अमर्याद’ हेच राहिले.

ग्राहकांच्या हिताचे रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीवर खटला भरला. किमान ३५ लाख ग्राहकांचा वेग एकूण अडीच कोटींहून अधिक वेळा कमी करण्यात आला, काहींचा वेग तर ८० ते ९० टक्क्यांनी घटला आणि हे करताना त्या वेळी जाळ्यावर गर्दी आहे की नाही हे पाहिले गेले नाही, असा संस्थेचा आरोप होता. संस्थेचा मुख्य आक्षेप वेग कमी करण्यापेक्षा, अमर्याद सेवेचे वचन देऊन ही गोष्ट पुरेशी स्पष्ट न करण्यावर होता. दूरसंचार कंपनीवर अशी कारवाई करण्याचा अधिकारच या संस्थेला नाही, असा बचाव कंपनीने केला. परंतु २०१८ मध्ये अपील न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये तडजोड झाली. कंपनीने ६ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. तसेच यापुढे वेगावर काही मर्यादा असेल, तर ती बारीक अक्षरांत न दडवता ठळकपणे सांगण्याचे बंधन तिच्यावर आले.

दरम्यान, २०१८ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्निया राज्यात मोठा वणवा पेटला होता. तो विझवण्याच्या कामी आलेल्या सांता क्लारा परगण्याच्या अग्निशमन दलाचे एक वाहन माणसे आणि साधनसामग्री यांची हालचाल जुळवण्यासाठी इंटरनेटवर अवलंबून होते. या वाहनाची जोडणी व्हेरायझन कंपनीची होती आणि तिची योजनाही ‘अमर्याद’ म्हणवली जात होती. ठरलेली मर्यादा ओलांडताच तिचा वेग आधीच्या सुमारे दोनशेव्या भागावर आला. दलाने तक्रार केली, तेव्हा त्यांना अधिक दराची योजना घेण्यास सांगण्यात आले. आपत्कालीन सेवेवरील बंधन मागणी होताच काढायला हवे होते आणि ते न काढणे ही आपली चूक होती, असे कंपनीने नंतर मान्य केले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने आणीबाणीच्या काळात अशा दलांचा वेग कमी करण्यास मनाई करणारा कायदा केला. कोठे किती डेटा वापरला, एवढेच यंत्र मोजते. तो कशासाठी वापरला जातो आहे, हे त्याला कळत नाही, ही गोष्ट या घटनेने उघड केली.

आपल्या देशातील स्थिती

भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर डेटाचे दर झपाट्याने उतरले आणि दिवसागणिक मर्यादा असलेल्या योजना रूढ झाल्या. दररोज दीड किंवा दोन जीबी डेटा वेगाने मिळतो आणि तो संपल्यावर मध्यरात्रीपर्यंत सेवा अतिमंद वेगाने चालते. या व्यवस्थेला कंपन्या ‘न्याय्य वापराचे धोरण’ असे म्हणतात. यात ग्राहकाची एक सोय आहे. डेटा संपल्यावर त्याच्या माथी अचानक मोठे बिल येत नाही. परंतु जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडचा किमान वेग सेकंदाला ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिट असा निश्चित केला, याच्याशी तुलना केली तर ६४ किलोबिट हा त्याचा जेमतेम एकतिसावा भाग भरतो.

दूरसंचार सेवांवर देखरेख ठेवण्यासाठी १९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ‘ट्राय’, स्थापन झाले. त्याच्या नियमांनुसार डेटाचा वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोहोचताच कंपनीने ग्राहकाला सूचना द्यावी लागते. जुलै २०२० मध्ये दोन कंपन्यांनी अधिक पैसे देणाऱ्यांना अधिक वेग देण्याच्या योजना आणल्या, तेव्हाही ट्रायने त्यांना हरकत घेतली. काहींना पुढे काढल्यामुळे इतर ग्राहकांच्या सेवेचा दर्जा घसरेल का, हा प्रश्न त्यामागे होता.

येथे एक भेद समजून घ्यावा. जुलै २०१८ मध्ये भारत सरकारने ‘नेट न्यूट्रॅलिटी’चे, म्हणजे इंटरनेटच्या तटस्थतेचे तत्त्व स्वीकारले. एखादे संकेतस्थळ वेगाने दाखवायचे आणि दुसरे मुद्दाम मंद करायचे, असा आशयाधारित भेदभाव या तत्त्वाला मान्य नाही. दैनिक मर्यादेनंतर मात्र सर्वच संकेतस्थळे सारखी मंद होतात. त्यामुळे ही पद्धत या तत्त्वाच्या विरोधात जात नाही. ती योग्य की अयोग्य, हे ग्राहकाला पूर्ण माहिती दिली होती की नाही, यावर ठरते.

ग्राहकाने काय करावे?

रिचार्ज करण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. वेगवान डेटा नेमका किती आहे? तो दिवसाचा आहे की संपूर्ण मुदतीचा? आणि तो संपल्यावर वेग किती राहील? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे योजनेच्या अटींमध्ये असतात. दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर विसंबून राहू नये. फोनच्या ‘सेटिंग’मध्ये कोणत्या ॲपने किती डेटा वापरला, हे पाहता येते. चित्रफिती आपोआप सुरू होणे आणि छायाचित्रे आपोआप उतरणे बंद ठेवले, तर बराच डेटा वाचतो. अर्ज, परीक्षा किंवा ऑनलाइन वर्ग असेल, त्या दिवशी डेटा त्या कामासाठी राखून ठेवावा.

मर्यादा संपलेली नसतानाही वेग सतत कमी मिळत असेल, तर ट्रायच्या ‘मायस्पीड’ या ॲपवर तो मोजावा आणि दिनांक व वेळ यांची नोंद ठेवावी. त्यानंतर कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. तेथे समाधान झाले नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. दूरसंचार सेवेबाबतची तक्रार ग्राहक न्यायमंचापुढेही नेता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे.

रेडिओलहरी मर्यादित आहेत आणि त्या सर्वांना वाटून घ्यायच्या आहेत. त्यामुळे मोबाइलवरील डेटाला कोठे तरी मर्यादा राहणारच, हे ग्राहकाने समजून घेतले पाहिजे. ती मर्यादा विक्रीच्या वेळीच, ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगणे हे कंपनीचे कर्तव्य आहे. अर्ज भरू न शकलेल्या त्या तरुणाला दुपारी संदेश आला होता, हे खरे. पण योजना घेताना तिच्या नावातील ‘अमर्याद’ या शब्दाशेजारीच ‘दिवसाला दीड जीबी, त्यानंतर अतिमंद वेग’ असे तेवढ्याच ठळक अक्षरांत छापलेले असते, तर त्याने सकाळीच आपला डेटा अर्जासाठी राखून ठेवला असता.