दप्तरांत न आलेलीं मुलें

शेतकऱ्याच्या प्रत्येक गुंठ्याची नोंद सरकारी दप्तरांत असते. कोणत्या गटांत काय पेरलें, विहीर आहे कीं नाहीं, बोजा कोणत्या सोसायटीचा आहे, हें सर्व सात-बाराच्या उताऱ्यावर वाचावयास मिळतें. परंतु त्याच गांवांत आईबापांवांचून सहा सहा महिने राहणारें मूल कोणाच्या घरीं जेवतें व कोणाच्या ओसरीवर निजतें, असें विचारल्यास चावडींत उत्तर मिळत नाहीं, शाळेंत अर्धेंच मिळतें, आणि शेजाऱ्यास तें ठाऊक असलें तरी त्यास कोणी विचारीत नाहीं. महसूल खात्याच्या कारकुनींत आमचें आयुष्य गेलें, म्हणून नोंदीचें महत्त्व आम्हांस कदाचित् अधिक वाटत असेल. तरी ज्याची नोंद नाहीं त्याची दाद नाहीं, हा अनुभव शेतकरी बंधूंसही नवा नाहीं. अशा नोंद नसलेल्या मुलांविषयीं आज चार शब्द लिहावे असें योजिलें आहे.

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें गांव बंजारा समाजाची काशी म्हणून देशभर प्रसिद्ध आहे. संत सेवालाल महाराजांची समाधि येथें असून रामनवमीच्या यात्रेस दूरदूरचे लोक जमतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं येथें बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटन झालें. समाजाचा भूतकाळ अशा रीतीनें चांगल्या इमारतींत सुरक्षित झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच समाजाचीं आजचीं मुलें कोठें आहेत, हें पाहावयाचें असल्यास दिवाळीनंतर या भागांतील तांड्यांतून एक फेरी मारावी. येथील बहुतेक शेती कोरडवाहू. सोयाबीन निघालें, कापसाच्या एकदोन वेचण्या झाल्या, कीं मजुरांस काम उरत नाहीं. मुकादमाची उचल आधींच घेतलेली असते. नवराबायकोचा 'कोयता' उसाच्या फडावर जातो. कोणी वीटभट्टीवर, कोणी शहरांतील बांधकामावर जातात. होळी-पाडव्याच्या सुमारास बहुतेकांचें परतणें होतें. तोंपर्यंत पुष्कळ घरांस कुलूप, आणि उघड्या घरांत म्हातारीं माणसें व मुलें.

हीं मुलें तीन प्रकारचीं आहेत. पहिलीं, आजी-आजोबांजवळ मागें राहिलेलीं. दुसरीं, आईबापांबरोबर फडावर नेलेलीं. त्यांची शाळा ऐन वर्षाच्या मध्यांत सुटते, आणि मोठी मुलगी असल्यास ती धाकट्या भावंडास सांभाळते. तिसरीं, ज्यांचा बाप किंवा दोघेही वारले तीं. या तिसऱ्या प्रकारांत केवळ मजुरांचीं मुलें नाहींत. पश्चिम विदर्भांत कर्जापायीं ज्या शेतकऱ्यांनीं जीव दिला, त्यांच्या घरचीं लेंकरेंही त्यांतच येतात. म्हणून हा प्रश्न केवळ तांड्याचा आहे असें कोणत्याही खातेदारानें समजूं नये.

अनाथ मुलांचा सांभाळ समाजानें करावा ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. १८७५ सालीं पंढरपूर येथें बालकाश्रम निघाला. पुढें १८७७ च्या दुष्काळांत जोतीराव व सावित्रीबाई फुले आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी यांनीं पुण्याजवळ धनकवडी येथें दुष्काळग्रस्त मुलांकरितां अन्नछत्र चालविलें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. त्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसत. त्यांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले, आणि खेड्यापाड्यांतील घरोघरच्या मूठभर धान्यावर, म्हणजे मुष्टिफंडावर, संस्थेनें आपला प्रपंच चालविला. त्या मुठी शेतकऱ्यांच्याच होत्या, हें आपण विसरूं नये.

तथापि आश्रम किंवा वसतिगृह हा ज्यास कोणीच नाहीं त्याचा आधार आहे. आपल्या गांवांतील बहुतेक मुलांस कोणी ना कोणी आहे: आजी आहे, मावशी आहे, विधवा आई आहे. तिच्याजवळ माया असते. धान्य, कागद आणि जोर नसतो. अशा मुलास दूरच्या संस्थेंत पाठविल्यानें त्याचें उरलेंसुरलें घरही जातें. २०१५ चा बालन्याय कायदा हेंच सांगतो कीं, मुलाची पहिली जागा कुटुंबांत आहे आणि संस्था हा शेवटचा उपाय आहे. मग राहिलेल्या कुटुंबास टेकू देणें, हें काम गांवाशिवाय दुसरें कोण करूं शकेल?

शासनानें या कामासाठीं जें ठेविलें आहे तें थोडक्यांत सांगतों. एक पालक गमावलेल्या, अनाथ किंवा गंभीर आजारानें पीडित पालकांच्या मुलांसाठीं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम २०२३ सालीं दरमहा २,२५० रुपये करण्यांत आली, व ती मूल अठरा वर्षांचें होईपर्यंत मिळते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे होतो व मंजुरी बालकल्याण समिती देते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेंत निराधार विधवा व अनाथ मुलें बसतात. तिचें अनुदान २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये झालें. दारिद्र्यरेषेखालील घरचा कर्ता माणूस वयाच्या १८ ते ५९ वर्षांत वारल्यास राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्याचे २०,००० रुपये एकरकमी मिळतात. या दोन योजनांचे अर्ज तहसिलींत जातात. अनाथ प्रमाणपत्र असलेल्या मुलांस शिक्षणांत व नोकरींत एक टक्का राखीव जागा २०१८ पासून आहेत. मूल संकटांत दिसल्यास १०९८ हा दूरध्वनि क्रमांक आहे. आणि प्रत्येक गांवांत सरपंच अध्यक्ष व अंगणवाडी सेविका सदस्य-सचिव असलेली ग्राम बालसंरक्षण समिती असावी, असा नियम आहे.

इतकें असूनही लाभ पोहोंचत नाहीं, याचें कारण आमच्या मतें पैशापेक्षां कागदांत अधिक आहे. मृत्यूची खबर एकवीस दिवसांत दिली नाहीं तर पुढें दाखल्यास विलंब व खर्च. मृत्यूचा दाखला नाहीं तर वारस नोंद नाहीं. वारस नोंद नाहीं तर पीककर्ज, विमा, मदत कांहींच नाहीं. आमच्या नोकरींत एक मुलगा कचेरीच्या दारीं आलेला पाहिला. त्याचा बाप नऊ वर्षांपूर्वीं वारला होता. आई माहेरीं गेलेली, दाखला कोणीं काढलेला नाहीं, दोन एकर जमीन चुलते वाहीत होते, आणि मुलगा या सर्व काळांत दुसऱ्याच्या शेळ्या राखीत होता. जी मदत त्याच्या बालपणीं मिळावयाची, तिचें वय निघून गेलें होतें. गांवांत दोनशें उंबरे असून नऊ वर्षांत एकानेंही त्याचा कागद हलविला नव्हता.

येथें एक गोष्ट खातेदारांच्या ध्यानांत आणून देतों. शेतकरी वारला कीं त्याच्या वारसांचीं नांवें गांव नमुना सहा-क मध्यें चढतात. त्यांत अज्ञान मूल असल्यास त्याच्या नांवापुढें 'अ. पा. क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असें लिहून पालकाचें नांव घालतात. म्हणजे जमीनदार घरचें पोरकें मूल सरकारी दप्तरांत प्रथम तलाठ्याच्या लेखणीनें येतें. त्याच दिवशीं ती खबर अंगणवाडी सेविकेस दिली, तर बालसंगोपनाचा अर्ज महिन्याभरांत निघूं शकेल. यास नवा कायदा किंवा नवा पैसा लागत नाहीं. चावडींतून अंगणवाडींत एक चिठ्ठी गेली पाहिजे, इतकेंच. परंतु ज्याच्या बापास जमीनच नव्हती, त्या मजुराच्या मुलाचें नांव या वाटेनेंही येत नाहीं. त्याच्यासाठीं गांवानें स्वतःची वही ठेविली पाहिजे.

ती वही कशी असावी हें सांगतों. मुलाचें नांव व वय, आईबाप कोठें व कधीं गेले, मुकादमाचा ठावठिकाणा, मूल कोणाजवळ राहतें, शाळा व इयत्ता, लसी टोंचल्या कीं नाहीं, जन्मदाखला, आधार, जातीचा दाखला व बँकखातें यांपैकीं काय आहे व काय नाहीं, आणि शेवटचें घर 'पाहणारा'. या शेवटच्या घरांत गांवांतील एका जबाबदार माणसाचें नांव असावें. त्यानें आठवड्यांतून एकदां त्या घरीं जाऊन यावें. इतर सर्व घरें भरलीं व हें एक रिकामें राहिलें, तर वही व्यर्थ समजावी. तांड्यावर नायक व कारभारी यांची परंपरा अजून आहे. त्यांस समितींत मानानें बसवावें. वही वर्षांतून तीनदां तपासावी: दसऱ्यास, लोक जाण्यापूर्वीं, संक्रांतीस, हंगामाच्या मध्यावर, आणि रामनवमीस, जेव्हां तांडे परततात. पोहरादेवीच्या यात्रेस सर्व तांड्यांचे लोक आयतेच एकत्र येतात, तेव्हां न परतलेल्या मुलांची विचारपूसही तेथेंच व्हावी. मात्र ही वही चावडीच्या भिंतीवर टांगूं नये. सेविकेच्या कपाटांत असावी. लेंकराच्या विपत्तीचा बोभाटा होतां कामा नये.

दुसरा प्रश्न पोटाचा. शाळेंत दुपारचें अन्न मिळतें, अडचण रात्रीची. मराठवाड्यांत स्थलांतरितांच्या गांवीं हंगामी वसतिगृहें चालविण्यांत आलीं, त्यांचें तत्त्व असें कीं मूल गांवींच राहावें, शाळा सुटूं नये आणि जेवणाची सोय सार्वजनिक व्हावी. आपल्या गांवीं अशी मंजुरी मिळाल्यास उत्तमच. न मिळाल्यास हिशेब पाहूं. वीस मुलें, प्रत्येकास रात्रीं दोनशें ग्रॅम धान्य व पन्नास ग्रॅम डाळ धरली, तर दिवसास चार किलो धान्य व एक किलो डाळ लागते. सहा महिन्यांचे १८० दिवस धरल्यास सात क्विंटल वीस किलो धान्य व एक क्विंटल ऐंशी किलो डाळ. शंभर खातेदारांच्या गांवांत हा बोजा दर खात्यास सव्वासात किलो धान्य व दोन किलो डाळ यांहून अधिक पडत नाहीं. खळ्यावर पांखरें याहून अधिक खात असतील. स्वयंपाक बचत गटाच्या बायांनीं करावा, आणि तेल-मीठ-सरपणाचा खर्च ग्रामपंचायतीनें आपल्या उत्पन्नांतून महिला व बालकल्याणासाठीं जो दहा टक्के भाग राखून ठेवावयाचा असतो त्यांतून द्यावा. तो भाग दरवर्षीं कोठें खर्च होतो, हें ग्रामसभेंत विचारण्याचा अधिकार आपणां प्रत्येकास आहे.

कोणी म्हणेल कीं मजूर उचल घेऊन जातो, त्याच्या मुलांचा भार आम्ही कां वाहावा? यास उत्तर असें कीं त्याच मजुराच्या हातांनीं आपलें सोयाबीन निघतें व आपला कापूस घरीं येतो. दुसरें, भार वाहण्यापूर्वीं आपण निदान भार घालूं नये. चौदा वर्षांखालील मुलास वेचणीस लावणें २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्वस्वीं बेकायदेशीर आहे; घरच्या शेतांत शाळा सांभाळून मदत करणें तेवढें चालतें. तरीही वेचणीच्या दिवसांत वर्ग ओस पडतात, तें कोणाच्या शेतांमुळें हें ज्यानें त्यानें मनाशीं पाहावें. तिसरें, पोरक्या भाच्या-पुतण्यांची जमीन ज्यांच्या ताब्यांत आहे त्यांनीं तिचें उत्पन्न वेगळें लिहून ठेवावें. १९५६ च्या हिंदु अज्ञान व पालकत्व कायद्यान्वयें अज्ञान मुलाच्या स्वतःच्या नांवची जमीन नैसर्गिक पालकासही जिल्हा न्यायालयाच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं, आणि विकल्यास मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आंत तें व्यवहार रद्द करून मागूं शकतें. घेणाऱ्यानें हें आधींच ध्यानांत ठेवावें.

मुलींविषयीं एक शब्द वेगळा लिहितों. आईबाप बाहेरगांवीं, घरीं थकलेली आजी. अशा स्थितींत 'जबाबदारी उरकावी' म्हणून लहान वयांत लग्न लावून देण्याकडे कल होतो. त्यामागें बहुधा दुष्टपणा नसून भीति असते. रात्रीं ती मुलगी सुरक्षित निजेल व पुढची इयत्ता शिकेल, अशी खात्री गांवानें दिली, तर आजीची भीति जाईल आणि लग्न आपोआप लांबेल. वहीतील 'पाहणारा' अशा घरीं एखादी जाणती बाईच असावी.

येत्या दसऱ्यापूर्वीं आपापल्या गांवच्या ग्रामसभेंत वाचकांनीं तीन प्रश्न विचारावे. बालसंरक्षण समिती कागदावर आहे कीं बसते? गेल्या वर्षांत ज्या घरांतील कर्ता वारला, त्या घरच्या मुलांचे अर्ज गेले काय? यंदा कोयत्याबरोबर किती मुलें जाणार व किती मागें राहणार? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर कोणास देतां आलें नाहीं, तर त्याच सभेंत एक दोन रुपयांची वही मागवावी आणि पहिलें नांव लिहून मगच उठावें.