दुष्काळ सोसलेली पिढी आणि आजचे ताट

घरातील आजी-आजोबा पानातला एक कणही टाकत नाहीत, शिळी भाकरी डब्यात जपून ठेवतात, पाण्याचा पेला मात्र अर्धाच भरतात, हे आपण अनेकदा पाहिले असेल. त्यांना हटवादी म्हणण्यापूर्वी थोडा मागचा काळ आठवावा. आज पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांचे बालपण आणि तारुण्य ज्या देशात गेले, तो नुकताच स्वतंत्र झाला होता आणि त्याची धान्याची कोठारे भरलेली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर चारच वर्षांनी, १९५१ साली, अमेरिकेने भारताला धान्यखरेदीसाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्यातून सुमारे २० लाख टन धान्य यावयाचे होते. १९५४ साली अमेरिकेत ‘पीएल ४८०’ म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला आणि १९५६ च्या करारानंतर त्याअन्वये गहू आपल्या बंदरांत उतरू लागला. पुढे १९६५ व १९६६ ही दोन वर्षे लागोपाठ अवर्षणाची गेली. एकट्या १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे आवाहन याच कालखंडातले. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. त्या कामांवर मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा अमेरिकेचा लाल मिलो यांची चव त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे.

परदेशांतून आलेली मदत केवळ धान्याची नव्हती. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली उभा राहिलेला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने झाला. कठीण खडकात विंधनविहिरी घेणारी यंत्रेही युनिसेफने पुरविली. विहिरी झाल्या, परंतु त्यांवरचे ओतीव लोखंडाचे पंप गावाच्या सततच्या वापरापुढे टिकेनात. तेव्हा जालना आणि सोलापूर येथे स्थानिक गरजेतून मजबूत पंप घडविले गेले. सोलापूरच्या पंपावरून १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप तयार झाला आणि पुढे तो जगातील अनेक देशांत गेला. मदत घेणाऱ्या मुलखाने जगाला दिलेली ही परतफेडच म्हणावी.

धारणी तालुक्यात या साऱ्या इतिहासाचा आजच्या आरोग्याशी थेट संबंध येतो. मेळघाटचा हा भाग काळ्या खडकाचा. पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, परंतु उन्हाळ्यात पाणी खोल जाते. रोजगारासाठी कर्ती माणसे बाहेरगावी जातात, होळीला परततात आणि अनेकदा पुन्हा निघतात. गावात राहतात ती वृद्ध माणसे आणि नातवंडे. हापशीचा दांडा ओढणे आणि हंडा घरापर्यंत आणणे सत्तरीतल्या शरीराला झेपत नाही. मग पाणी आणण्याचे कष्ट वाचावेत म्हणून पाणी पिणेच कमी होते. त्यातच उतारवयात तहानेची जाणीव मंदावते आणि रात्री उठावे लागेल या भीतीने अनेक जण संध्याकाळनंतर घोटभरही पाणी घेत नाहीत.

म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नये. वृद्धांच्या हाताशी भरलेला तांब्या ठेवावा आणि सकाळपासून दर तासा-दीड तासाने थोडे पाणी, ताक, पातळ पेज किंवा वरणाचे पाणी द्यावे. दिवसाचे बहुतेक पाणी सायंकाळपूर्वी झाले, की रात्रीच्या उठण्याची चिंताही कमी होते. लघवी गडद पिवळी होणे, जीभ कोरडी पडणे, उभे राहताना भोवळ येणे किंवा बोलण्यात अचानक असंबद्धता येणे ही शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे असू शकतात. असंबद्धता किंवा ग्लानी दिसल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. हृदयाचे वा मूत्रपिंडाचे दुखणे असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दुसरी बाब ताटाची. दुष्काळ पाहिलेली आजी स्वतःच्या वाट्याचे नातवाला वाढते आणि आपण चटणी-भाकरीवर उठते. परंतु वयानुसार स्नायू झिजतात. त्यांना प्रथिने हवीतच. मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या वृद्धाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला किमान १ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. घट्ट वरण, मऊ शिजवलेली उसळ, अंडे, दूध-दही, दाण्याचा कूट हे घरातलेच पदार्थ आहेत. दात नसतील तर भाजलेल्या पिठांत दाण्याचा कूट व गूळ घालून दुधात कालवून द्यावे. सुकडीची आठवण असलेल्यांना तो घास परका वाटणार नाही. मधुमेह असल्यास गूळ वगळावा. शिळे टाकवत नसेल तर वाद घालू नये. मुळातच बेताचे रांधावे.

तिसरी बाब गाजरगवताची. हे गवत आयात गव्हासोबत आले असे मानले जाते. पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यास त्याची नोंद झाली. शेतात वावरणाऱ्या वृद्धांच्या पापण्या, मान व कोपरांच्या घडीत वारंवार खाज येऊन कातडी जाड होत असेल, तर ती या गवताची ॲलर्जी असू शकते. घराभोवतीचे गवत फुलण्यापूर्वी हातमोजे घालून उपटावे आणि ते काम वृद्धांना सांगू नये. औषधाच्या दुकानातून आणलेले कोणतेही मलम स्वतःच्या मनाने लावण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना मिलोची भाकरी कशी लागत असे, दुष्काळी कामावर दगड फोडताना पाणी कोठून येई, हे एकदा निवांत विचारावे. ते सांगतील त्यातून त्यांच्या काटकसरीचे कारण कळेल. आणि ऐकता ऐकता त्यांचा पेला पूर्ण भरून त्यांच्या हाती द्यावा.