बिलोलीचे ऊन, कारखान्याचे बिल

२०१३ सालच्या शेवटच्या दिवसापर्यंत बिलोली आणि बोधन या दोन गावांतली वीज वेगवेगळ्या ठेक्यावर चालत होती. मधे फक्त मांजरा नदी. अलीकडची, महाराष्ट्रातली बिलोली देशाच्या पश्चिम ग्रिडमध्ये, पलीकडचे, आता तेलंगणात असलेले बोधन दक्षिण ग्रिडमध्ये. दोन्हीकडची वीज सेकंदाला सुमारे ५० आवर्तने करत होती, पण ती आवर्तने एकमेकांशी जुळलेली नव्हती. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या तारा थेट जोडता येत नसत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या केंद्रात इकडची प्रत्यावर्ती वीज आधी एकदिश केली जाई आणि मग पुन्हा प्रत्यावर्ती करून तिकडे सोडली जाई. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच ग्रिड, एकच ठेका झाला.

तारांमधली सीमा पुसली गेली, हिशेबातली मात्र राहिली. समजा, बिलोलीच्या एखाद्या माळावर उद्या सौरप्रकल्प उभा राहिला. त्याची वीज शेकडो किलोमीटरवरच्या चाकणच्या कारखान्याने घेतली, तर व्यवहार राज्यातला आणि नियम महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे. तीच वीज नदीपलीकडच्या बोधनमधल्या एखाद्या गिरणीने घेतली, तर व्यवहार आंतरराज्य. परवानग्या, आकार, नियम सगळेच निराळे. म्हणून ‘आमचा कारखाना शंभर टक्के हरित विजेवर चालतो’ अशी जाहिरात वाचली की कंपनीने नेमके काय विकत घेतले, हे आधी समजून घ्यायला हवे.

तिने बिलोलीत तयार झालेली वीज घेतलेली नसते. तारेतले इलेक्ट्रॉन जागच्या जागी मागेपुढे हलतात. ते चाकणला जात नाहीत. ऊर्जा तारेभोवतीच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सरकते आणि सहसा जवळची गरज आधी भागवते. म्हणजे बिलोलीच्या माळावरची दुपारची वीज मुख्यतः बिलोली, कुंडलवाडी, नायगाव भागातल्या पिठाच्या गिरण्या आणि शेतीपंपच वापरतील. चाकणचा कारखाना त्याच्या शेजारच्या उपकेंद्रातून वीज ओढेल. दोघांना जोडतात ती मीटरची दोन टोके. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ तुकडे केलेले असतात. प्रत्येक तुकड्यात प्रकल्पाने ग्रिडमध्ये किती युनिट घातले आणि कारखान्याने किती काढले, याची नोंद होते. राज्याच्या ग्रिडवर ऐरोलीचे भार प्रेषण केंद्र नजर ठेवते आणि घातलेले युनिट कारखान्याच्या बिलातून वजा होतात. याला ओपन ॲक्सेस म्हणतात. खरेदी होते ती या वजाबाकीची.

महाराष्ट्राला हे नवे नाही. सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे पठारावर बजाज ऑटोने पवनचक्क्या उभारल्या. पठारावरच्या वाऱ्याचे युनिट आकुर्डीच्या आणि आपल्या मराठवाड्यातल्या वाळूजच्या कारखान्याच्या बिलात जमा झाले. पवनचक्क्यांची वीज सातारा-कराडकडेच खपत असणार. पण त्या चक्क्या उभ्या राहिल्या त्या कारखान्याने पैसा घातला म्हणून. या सगळ्या व्यवहारात मला हेच सर्वांत मोलाचे वाटते. आधीच चालू असलेल्या प्रकल्पाचे नुसते प्रमाणपत्र विकत घेणे आणि नवा प्रकल्प उभा करणे, या दोन्हींना जाहिरातीत सारखेच वजन मिळते. हवेतल्या कार्बनच्या दृष्टीने ते सारखे नाही. प्रमाणपत्रांचा बाजार आपल्याकडे २०११ पासून आहे. एक प्रमाणपत्र म्हणजे १,००० युनिट. वीज एकीकडे आणि तिचे ‘हरितपण’ दुसरीकडे, असे ते वेगवेगळे विकता येते.

पैसा घालणाऱ्याला कायद्याने मोठी सवलत दिली आहे. २००३ चा वीज कायदा आणि २००५ चे नियम सांगतात की, वीज वापरणाऱ्यांकडे प्रकल्पाचे किमान २६ टक्के भांडवल असेल आणि वर्षभरातली किमान ५१ टक्के वीज ते स्वतः वापरत असतील, तर ती वीज ‘स्वतःची’ मानायची. चार-पाच कंपन्या मिळून असा प्रकल्प काढतात, त्याला ग्रुप कॅप्टिव्ह म्हणतात. स्वतःची वीज असल्यामुळे क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही. अतिरिक्त अधिभारही लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०२१ रोजी दिला. ते प्रकरण आपल्याच राज्यातले होते, महावितरण आणि जेएसडब्ल्यू स्टील यांच्यातले. वहन आकार आणि तारांमधली गळती तेवढी सोसावी लागते.

आता या क्रॉस सबसिडीचा संबंध थेट बिलोलीच्या शेताशी येतो. शेतीपंपाच्या विजेचा दर तिच्या खर्चापेक्षा कमी ठेवलेला असतो. ती तूट काही प्रमाणात सरकार भरते आणि काही प्रमाणात कारखाने जास्त दर देऊन भरतात. एक मोठा कारखाना ग्रुप कॅप्टिव्हकडे वळला की त्याचा वाटा महावितरणच्या हिशेबातून गळतो. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित ओपन ॲक्सेसची अट १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, त्यामुळे कृष्णूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम कारखान्यालाही ही वाट खुली झाली. वेगळा करार नको असेल, तर महावितरणकडूनच हरित वीज मागण्याची सोय आहे; २०२१ मध्ये आयोगाने त्यासाठी युनिटमागे ६६ पैसे जादा ठरवले होते. हा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो, कारण त्यात ग्राहक महावितरणकडेच राहतो. पण जे बाहेर पडत आहेत त्यांना अडवून धरण्यात अर्थ नाही. शेतीपंपाच्या विजेचा खर्चच खाली आणणे, हे खरे उत्तर. कृषी फीडरजवळच सौरप्रकल्प उभारायचे, ही राळेगणसिद्धीपासून सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठी महत्त्वाची आहे. रात्रीच्या थ्री फेजसाठी विंचू-सापांतून मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला दिवसा लाइट मिळणे, हा त्यातला सर्वांत मोठा लाभ.

मराठवाड्यासाठी आणखी एक हिशेब आहे, पाण्याचा. २०१५ च्या जुलैमध्ये परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी पूर्ण बंद पडले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने जुन्या औष्णिक केंद्रांसाठी युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. १ मेगावॅटचा सौरप्रकल्प आपल्या भागात वर्षाला सुमारे १६ लाख युनिट देतो. तेवढीच वीज कोळशापासून करायची, तर या मर्यादेत राहूनही ५६ लाख लिटर पाणी लागेल. लातूरला पुढच्याच वर्षी रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आठवले की हा आकडा कोरडा वाटत नाही. सौरपट्ट्या धुवायलाही पाणी लागते, पण त्या तुलनेत फार थोडे.

अडचण येते ती सूर्य मावळल्यावर. कारखाना तीन पाळ्यांत चालतो, ऊन एका पाळीपुरते. उरलेले युनिट ग्रिडकडे ठेवून नंतर वापरायच्या सोयीला बँकिंग म्हणतात. पण ग्रिड वीज साठवत नाही. दुपारचा युनिट रात्री परत दिला, तर तो बहुतेक कोळशातून आलेला असतो. वर्षाच्या बेरजेत सगळे हरित दिसते, रात्रीच्या ९६व्या तुकड्यात नाही. गूगलने २०१० मध्ये अमेरिकेतल्या आयोवाच्या ११४ मेगावॅटच्या पवनप्रकल्पाशी २० वर्षांचा करार केला आणि २०१७ मध्ये वर्षाची बेरीज पूर्ण जुळवली. मग त्याच कंपनीने वार्षिक बेरीज पुरेशी नसल्याचे मान्य करून २०३० पर्यंत तासागणिक जुळवणीचे लक्ष्य ठेवले. आपल्याकडच्या कंपन्यांनीही हाच हिशेब मांडायला हवा. तो मांडायचा तर सौरला पवनाची जोड आणि बॅटरी लागते, आणि मग युनिट महागतो. हा फरक कंपन्यांनी सोसावा, असे मला मनापासून वाटते.

सौरप्रकल्पांना १ मेगावॅटमागे साधारण चार एकर जमीन लागते. सौर कृषी वाहिनीच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली आहे. म्हणजे एकरी पन्नास हजारांच्या आसपास. बिलोलीतल्या माळरानाच्या मालकाकडे एखाद्या कंपनीचा माणूस भाडेकरार घेऊन आला, तर बोलणी या आकड्यापासून सुरू व्हावीत, आणि वाढीची अट करारात लिहून घ्यावी; असे करार पंचवीस-पंचवीस वर्षांचे असतात.