कृपा, ईश्वरी (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना. माणसाची योग्यता, कुल वा पुण्यकर्मे विचारात न घेता ईश्वर स्वेच्छेने त्याला पापातून सोडवितो व आपल्या सहवासात घेतो, या श्रद्धेस अनुसरून ईश्वराच्या त्या दानास कृपा म्हणतात. नव्या करारातील ‘खारिस’ या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलमध्ये मुख्यतः ‘कृपा’ हा शब्द योजिलेला आहे. जुन्या करारातील ‘हेसेद’ (एकनिष्ठ दया) ही कल्पना तिची पूर्वपीठिका होय.

शुभवर्तमानांत या कृपेचे मानकरी बहुधा समाजाने त्याज्य ठरविलेले लोक आहेत. यरीहो येथील मुख्य जकातदार जक्कय हा रोमन सत्तेसाठी कर गोळा करी. त्यामुळे स्वजनांत तो तिरस्कृत होता. येशूने आपण होऊन त्याच्या घरी उतरण्याचा मनोदय सांगितला. त्यानंतर जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांस देण्याचे व अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. आधी स्वीकार व मग सुधारणा, हा क्रम कृपेचे वैशिष्ट्य दर्शवितो. येशूबरोबर क्रुसावर खिळलेल्या ज्या गुन्हेगाराला त्याने नंदनवनाचे आश्वासन दिले, त्याला तर सत्कृत्य करण्यास अवधीही उरला नव्हता. ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा शौल पुढे पौल या नावाने तिचा प्रमुख प्रचारक झाला. कृपेच्या सिद्धांताची मांडणी मुख्यत्वे त्याच्याच पत्रांत आढळते.

अशी कृपा न्यायाशी सुसंगत आहे काय, हा प्रश्न दृष्टांतांतच उपस्थित झाला आहे. द्राक्षमळ्यात दिवसभर राबलेले मजूर शेवटच्या तासाला आलेल्यांस समान मजुरी मिळाल्याने कुरकुर करतात. उधळ्या पुत्राच्या स्वागताने त्याचा थोरला भाऊ रुष्ट होतो. कोणाचाही हक्क डावललेला नसतो. तथापि दान हे मोबदल्याच्या मापाने मोजता येत नाही, हे त्यांना मान्य होत नाही.

माणसाचा यात वाटा कोणता, हा पुढील वादांचा विषय ठरला. मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने सदाचरणी होऊ शकतो, असे पेलेजियसचे मत होते. सेंट ऑगस्टीनच्या (३५४–४३०) मते मुळात इच्छाशक्तीच विकृत झाली असल्याने कृपेवाचून ती सन्मार्गाकडे वळूच शकत नाही. कार्थेजच्या धर्मसभेने ४१८ मध्ये पेलेजियसची मते निषिद्ध ठरविली. मार्टिन ल्यूथरने (१४८३–१५४६) केवळ श्रद्धेने व कृपेने तारण होते, असे प्रतिपादिले. तर ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये कृपेचे अग्रत्व मान्य करूनही मानवी सहकार्यावर भर दिला. जॉन कॅल्व्हिनच्या (१५०९–६४) अनुयायांनी कृपा निवडलेल्यांसाठीच व अप्रतिरोध्य मानली. जॉन वेस्लीच्या (१७०३–९१) मते ती सर्वांना प्राप्य आहे, पण नाकारता येते. रोमन कॅथलिक चर्च व जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्झबर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या करून या प्रश्नाच्या मूलभूत बाबींवर मतैक्य जाहीर केले.

कृपेच्या भरवशावर माणूस बेजबाबदार होईल, ही शंका जुनी आहे व पौलानेही तिचा परामर्श घेतला आहे. १७४८ च्या समुद्री वादळात धर्मजागृती झालेला जॉन न्यूटन (१७२५–१८०७) त्यानंतरही काही वर्षे गुलामांच्या व्यापारात राहिला. कृपेवरील त्याचे विख्यात स्तोत्र १७७९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या व्यापाराचा जाहीर निषेध मात्र त्याने १७८८ मध्ये केला. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर (१९०६–४५) याने १९३७ मध्ये आचरणाची मागणी न करणाऱ्या ‘स्वस्त कृपे’वर कठोर टीका केली.

भारतातील श्रीवैष्णव संप्रदायात याच स्वरूपाचा मतभेद आढळतो. वडकलै पंथ माकडिणीला बिलगणाऱ्या पिलाचा, तर तेंगलै पंथ मांजरीने तोंडात धरून नेलेल्या पिलाचा दृष्टांत देतो. महाराष्ट्रात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केडगाव येथे समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी काढलेल्या आश्रयगृहास ‘कृपासदन’ हे नाव दिले. तेथे आश्रयासाठी पूर्वचरित्राची अट नव्हती, हे त्या नावाशी सुसंगतच होते.